खारोडीचा घाटा

राजकुमार ढोलेला या सगळ्या भानगडीतून मिळणार होतं ते कॅलेंडरचं एक पान. सबंध कॅलेंडर नव्हे. मे महिन्याचं पान, वर त्यानं काढलेला फोटो आणि खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत ‘छायाचित्र व देखावा: राजकुमार ढोले, खामगाव’. ऐकणाऱ्याला वाटेल, यात काय मोठं? पण राजकुमारनं आधीच सगळं जोखून ठेवलं होतं. जानेवारीचं पान कोण पाहतं? ऑगस्टचं पाहतात ते सुट्ट्यांपुरतं. मेचं पान मात्र लग्नसराईचं. तारखा, हळदी, वऱ्हाडाच्या गाड्या, सगळं त्या पानापुढे उभं राहून ठरतं. दुकानात एक, घरात एक आणि तिन्ही बहिणींच्या सासरी एकेक कॅलेंडर टांगलं की झालं. चाळिशी उलटली तरी आगगाडीशी खेळतो म्हणून आजवर जे जे त्याला हसले, ते सगळे त्याच्या नावापुढे मान वर करून मुहूर्त शोधणार.

आणि यासाठी घालायचं काय होतं? त्याच्या मते काहीच नाही. जोखणं चुकलं ते इथं.

राजकुमारचं खामगावच्या बाजारात चादरी-सतरंज्यांचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की तो गल्ल्यावर बसून फोनमध्ये ‘रूळ आणि धूर’ नावाचा ग्रुप पाही. पुणे, नाशिक, नागपूर, अकोला, कुठकुठली माणसं त्यात होती. प्रत्येकाच्या घरी एखाद्या खोलीत, नाहीतर निदान एका टेबलावर, छोटी आगगाडी. बोगदे, पूल, काडेपेटीएवढी स्टेशनं. फोटो काढायचे, ग्रुपवर टाकायचे आणि एकमेकांची वाहवा करायची. वाहवेचा हा व्यवहार मोठा रोखठोक. आज मी तुझ्या इंजिनाला वर केलेला अंगठा पाठवला तर उद्या तू माझ्या इंजिनाला पाठवायचा. न पाठवणाऱ्याचं नाव मनात राहतं.

या मंडळींत राजकुमारचा मान मोठा होता. त्याच्या ताफ्यात नऊ-दहा वाफेची इंजिनं आहेत असा ग्रुपचा समज होता. खरं तर इंजिन एकच. वीतभर लांबीचं, काळं, नागपूरहून जुनं घेतलेलं. पण इंजिनाच्या नंबराचे आकडे कागदावर लिहून चिकटवायचे आणि फोटो झाला की नखानं खरवडून काढायचे, ही युक्ती त्याला साधली होती. इंजिन एक, आडनावं दहा. रूळही दोन हात लांबीचेच. डोंगर म्हणाल तर दुकानातली खाकी चादर आणि खाली उशा. मात्र फोन चादरीला टेकवून, सकाळच्या तिरप्या उन्हात तो असा काही फोटो घेई, की पाहणाऱ्याला सातपुड्याच्या पायथ्याशी उभं राहिल्यासारखं वाटे. तेवढा हात त्याला होता, हे कबूल करावं लागेल.

आता मूळ भानगड. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी त्याची आई सुभद्राबाई गच्चीवर खारोड्या घालत होत्या. बाजरी भरडून, भिजवून, तीळ-लसूण-मिरची लावून गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, रटरटत शिजवायची. तो झाला घाटा. मग त्याचे बोरांएवढे गोळे चादरीवर टाकून कडक वाळवायचे. त्या झाल्या खारोड्या. त्या दिवशी सुभद्राबाईंनी गरम घाटा परातीत ओतला आणि त्याचा उंच, खडबडीत, तपकिरी ढीग झाला. ढिगातून वाफ निघत होती. राजकुमारनं ते पाहिलं आणि धावत खाली जाऊन इंजिन आणलं. रूळ परातीला लावले, इंजिन पुढे, ढीग मागे आणि वाफ बरोबर धुराड्यातून निघाल्यासारखी. आई “अरे, खायची वस्तू हाय ते!” म्हणेपर्यंत फोटो ग्रुपवर गेलाही.

ग्रुप वेडा झाला. असा धूर कुणालाच जमला नव्हता. ग्रुपचे प्रमुख आगटे सर, पुण्याचे, विमा कंपनीतून निवृत्त झालेले, यांनी विचारलं, “अप्रतिम! हा देखावा कुठला?”

राजकुमारनं त्या वेळी अगदी खरं उत्तर लिहिलं: “खारोडीचा घाटा.”

दोन मिनिटांत आगटे सरांचं उत्तर आलं: “वा! खारोडीचा घाट! (एक काना जास्त पडलाय बरं का, राजकुमार.) माझे वडील लहानपणी या घाटातून गेले होते. खारोडीला इंजिन पाणी घ्यायला थांबायचं, असं ते नेहमी सांगत.”

आपला बुलढाणा जिल्हाच घाटावरचा आणि घाटाखालचा असा वाटलेला. आगटे सरांनी ते कुठंतरी वाचलेलं असणार, म्हणून त्यांना शंकाही आली नाही. राजकुमारनं तीनदा खुलासा लिहिला आणि तीनदा पुसला. ज्या माणसाचे वडील एखाद्या ठिकाणी जाऊन आले, त्याला ते ठिकाण तळून खातात, हे सांगायचं कसं? शेवटी त्यानं दोन हात जोडलेलं चित्र पाठवलं. आठवड्यानं ‘खारोडी घाट, सकाळ’ आला. मग ‘खारोडी घाट, पावसाआधी’. सुभद्राबाईंचा घाटा संपला तेव्हा त्यानं उशांवर काम भागवलं. वर्षाअखेर ग्रुपच्या कॅलेंडरसाठी मतं घेतली तर मे महिना खारोडी घाटाला. छपाई मात्र लांबत लांबत गेली आणि कॅलेंडर गुढीपाडव्याचं करायचं ठरलं. पाडवाही गेला, मग ‘आता पुढच्या वर्षाचंच करू’ असं झालं. हौशी माणसांच्या कामाला ही रीतच.

कॅलेंडरचा नियम एकच होता: देखावा सदस्यानं स्वतःच्या हातानं केलेला हवा. आदल्या वर्षी एकानं परदेशातल्या कुणाचा फोटो आपला म्हणून टाकला होता, त्याला आगटे सरांनी दुपारच्या दुपारी ग्रुपमधून काढलं आणि कारणासकट जाहीर केलं. ते कारण राजकुमारला तोंडपाठ होतं.

आणि मग एप्रिलातल्या एका शुक्रवारी आगटे सरांचा फोन आला.

“राजकुमार, आम्ही शेगावला दर्शनाला येतोय. अकोल्याचा आपला प्रसेनजित गाडी घेऊन बरोबर आहे. रविवारी सकाळी दर्शन झालं की तिथून तुमच्याकडे. पान छापायला जायच्या आधी खारोडीचा घाट डोळ्यांनी बघायचाय.”

शेगावला आलेला माणूस खामगावला येणार नाही, असं म्हणायला तोंड नसतं. रस्ता तो केवढासा! राजकुमार जिन्यात उभा होता. त्याच्या तोंडून निघालं, “या ना सर, या. खारोडीचा घाट पाहाले या.”

फोन ठेवला आणि तो पायरीवर बसला. जयमाला, त्याची बायको, कपड्यांची बादली घेऊन वरून येत होती.

“काय झालं? गिऱ्हाईक पळालं का?”

“आगटे सर येऊन राह्यले. घाट पाहाले.”

जयमालानं बादली खाली ठेवली. तिला सगळं ठाऊक होतं. दहा आडनावांचे आकडे तिनंच कात्रीनं कापून दिले होते. “मंग दाखवा उशी,” ती म्हणाली. “उशीवर खोळ चांगली घालून देतो मी.”

“मजाक नको करू व. ग्रुपातून काढतीन मले. साऱ्यायसमोर लिहून काढतीन.”

“मंग आजच सांगून द्या खरं.”

“एका वर्षानं? आता?”

त्यानं रात्रभर विचार करून रस्ता काढला. मागची खोली कुलूप लावून बंद ठेवायची. रेल्वे सारी आत आहे, पण चावी चुलतभाऊ उकंडरावच्या खिशात आणि उकंडराव सोनाळ्याला लग्नाला गेला, असं सांगायचं. उकंडरावला त्यानं फोन करून पक्कं केलं. उकंडराव म्हणाला, “पन मी तं इथंच हाओ बे, दुकानासमोर.” त्याला रविवारी घराबाहेर पडायचं नाही, असं बजावलं. जयमालाला सांगितलं, तू फक्त हो म्हण. ती म्हणाली, “चहा माह्या हातचा, खोटं तुमच्या तोंडचं. दोन्ही एका कपात नाही देत मी.”

एका माणसाला मात्र त्यानं काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे, असं त्याला वाटलंच नाही. शुक्रवारी तो जिन्यात फोनवर बोलत होता तेव्हा वर गच्चीवर सुभद्राबाई मिरच्या निवडत बसल्या होत्या. वय झालं, कान थोडे जड. त्यांनी मुलाचं फोनवरचं शेवटचं वाक्य ऐकलं आणि आपल्यापुरतं नीट करून घेतलं: पुण्याचे पाहुणे खारोडीचा घाटा पाहाले येऊन राह्यले. त्यांना नवल वाटलं नाही. पुण्यात कुठं मिळते खारोडी? शनिवारी त्यांनी भरडलेली बाजरी भिजत घातली.

रविवारी सकाळी आठलाच गाडी दारात. आगटे सर उंच, किडकिडीत, गळ्यात कॅमेरा, कपाळाला अष्टगंध. मागून त्यांच्या पत्नी. मग प्रसेनजित, तिशीतला, दाढीवाला, ग्रुपमध्ये फार न बोलणारा. राजकुमारनं तिघांना बैठकीत बसवलं, पाणी दिलं. त्याला एक गोष्ट चमत्कारिक वाटली. आगटे सर घाट पाहायची घाई करत नव्हते. ते खोलीत इकडेतिकडे पाहत होते आणि घोट घोट पाणी पीत होते, जसं राजकुमारला स्वतःलाच प्यावंसं वाटत होतं.

राजकुमारनं घसा साफ केला. “सर, त्याचं असं झालं... खोलीची चावी...”

“हं, हं, चावी,” आगटे सर म्हणाले, “अहो, नसेल तर राहू द्या. काही हरकत नाही.”

इतक्या स्वस्तात सुटलो, हे राजकुमारला खरं वाटेना. “म्हणजे उकंडराव, आमचा चुलतभाऊ, तो सोनाळ्याले...”

तेवढ्यात गच्चीवरून आवाज आला. जड कानाच्या माणसाचा आवाज जसा असतो, तसा. गल्लीला ऐकू जाईल असा.

“काऊन रे राजकुमार! पाहुण्यायले खालीच काऊन बसवलं? घाटा थंडा होऊन राह्यला!”

आगटे बाई म्हणाल्या, “घाट... थंड?”

प्रसेनजितनं तोंडावर रुमाल धरला.

“वर आहे तर!” आगटे सर उठले. त्यांच्या चेहऱ्यावर पाहण्याची हौस नव्हती. दवाखान्यात आपलं नाव पुकारलं की माणूस उठतो, तसे ते उठले. राजकुमार पुढे झाला, मागे झाला, जिना त्याच्याच घरचा असून त्याला सापडेना.

गच्चीवर तीन विटांच्या चुलीवर मोठा गंज. सुभद्राबाई लाकडी चाटूनं घाटा हलवत होत्या. शेजारी परातीत ओतलेला ढीग, वाफाळलेला. खाकी चादर अंथरलेली, आणि जयमाला ओल्या बोटांनी त्यावर ओळीनं गोळे टाकत होती.

“या, या,” सुभद्राबाई म्हणाल्या. “बसा सावलीत. दुरून आले तुम्ही घाटा पाहाले. पाहा चांगला. चादरीवर पाय नका देऊ फक्त.”

आगटे सर परातीपुढे उभे राहिले. ढीग पाहिला. वाफ पाहिली. मग खाकी चादर, मग गच्चीचा कठडा, मग पूर्वेकडून येणारं तिरपं ऊन. फोटो वाचायची त्यांना सवय होती. वेळ लागला नाही.

“हा खारोडीचा घाट,” ते हळू म्हणाले.

“घाटा,” सुभद्राबाई म्हणाल्या. “घाट तं तिकडे बुलढाण्याच्या रस्त्यानं.”

राजकुमारला वाटलं, आता लपवायचं तरी काय राहिलं. त्यानं एका दमात सगळं सांगितलं. रेल्वेची खोली नाही. चावी नाही. उकंडराव घरीच आहे. इंजिन एकच आहे, आकडे कागदाचे. डोंगर उशांचे. “तुम्ही ग्रुपातून काढा मले सर, मेचं पान दुसऱ्याले द्या, पन एवढं करा, साऱ्यायसमोर कारण नका लिहू.”

आगटे सर उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसले.

“म्हणजे खारोडी नावाचं स्टेशन...”

“नाही सर.”

“पाण्याची टाकी?”

“नाही.”

“कुठंच नाही? जुन्या नकाशात? बंद पडलेल्या एखाद्या मार्गावर?”

“खायची वस्तू हाय सर.”

आगटे सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. आणि मग त्या माणसानं जो सुस्कारा टाकला तो ऐकून जयमालाचाही हात थांबला. भरलेलं पोतं पाठीवरून उतरवल्यावर हमाल टाकतो, तसा.

“सुटलो,” ते म्हणाले.

“कोन?” राजकुमारनं विचारलं.

“मी हो! वर्षभर झोप नाही मला. माझे वडील आयुष्यात कल्याणच्या पुढे गेले नाहीत. तुमचा फोटो पाहिला, नाव ऐकल्यासारखं वाटलं आणि बोटांनी आपोआप लिहिलं. लोकांनी इतकी वाहवा केली की मागे फिरता येईना. नाशिकचे दोघे मागे लागलेत, वडिलांच्या आठवणी सविस्तर लिहा म्हणून. एक जण तर विचारतो, खारोडीला फलाट एक होता की दोन? मी म्हटलं, तुमच्याकडे यावं, तुम्ही अभ्यास करून घाट बांधलाय, फलाट बघून घ्यावा, म्हणजे वडिलांना नीट उतरवता येईल.”

“मंग चावी नसली तं नसली, काऊन म्हणत होते?”

“दारात आलो आणि धीर सुटला. तुम्हीच मला काही विचारलं असतं तर? खारोडीला उतरल्यावर उजवीकडे काय लागतं, असं?” आगटे सर आता हसायला लागले होते. “आणि इंजिन एकच आहे हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. दहाही इंजिनांचा पुढचा दिवा डावीकडूनच चिरलेला कसा असेल? पण तुम्हाला विचारलं की तुम्ही मला घाटाबद्दल विचारणार. म्हणून गप्प बसलो.”

“दिवा मी पाडला होता,” जयमाला म्हणाली, “झाडताना.”

आगटे बाई इतका वेळ नवऱ्याकडे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “मला सांगितलंत की तुमच्या वडिलांना त्या घाटात वाघ दिसला होता.”

“तो नंतर घातला,” आगटे सर म्हणाले.

आता सगळ्यांच्या नजरा प्रसेनजितकडे गेल्या, कारण रुमालामागून येणारा आवाज लपण्यासारखा राहिला नव्हता. तो कठड्याला धरून हसत होता.

“तू अकोल्याचा,” राजकुमार म्हणाला. “तुले तं माहीत असंन बे!”

“पहिल्या दिवशीपासून, भाऊ. माही माय दर उन्हाळ्यात घालते. फोटो पाहूनच मले भूक लागली होती.”

“मग बोलला का नाहीस?” आगटे सरांनी विचारलं.

“कसा बोलणार सर? तुमचे वडील जाऊन आले म्हणता. मेलेल्या माणसाले खोटं पाडू का मी? आणि खरं सांगू? तुम्ही काना काढला ना, तवाच मी ठरवलं, की एक दिवस तुमाले इथं आणाचं. शेगावची गाडी मी काऊन काढली वाटते तुमाले?”

सुभद्राबाईंना यातलं निम्मं ऐकू आलं नव्हतं आणि उरलेलं कळलं नव्हतं. पाहुणे हसतात एवढं त्यांना दिसत होतं आणि घाटा निवत होता. त्यांनी वाट्या भरल्या, वरून कच्च्या तेलाची धार सोडली आणि पहिली वाटी आगटे सरांच्या हातात दिली. सरांनी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्याला त्यांनी मान वर केली.

“खरंच थांबायला हवं होतं इंजिन इथं,” ते म्हणाले.

राजकुमारला दोन दिवसांत पहिल्यांदा भूक लागली. त्यानं सलग तीन वाट्या खाल्ल्या आणि मधेच उकंडरावला फोन केला, की बाहेर निघ, सोनाळ्याहून आला तू.

मग जे व्हायचं ते झालं. चार हौशी माणसं, गरम घाटा आणि इंजिन एका गच्चीवर आल्यावर दुसरं काय होणार? राजकुमारनं इंजिन आणलं. आगटे सर चादरीच्या कडेला पालथे पडले, अष्टगंधासकट. प्रसेनजित वाफेवर पुठ्ठ्यानं वारा घालत होता. उकंडराव आला तो वहाणा काढून थेट उजेडात उभा राहिला, त्याला हाकललं. रूळ कमी पडले तेव्हा इंजिन ओल्या खारोड्यांच्या ओळींवरूनच ढकललं. सुभद्राबाई ओरडत होत्या, “अरे, पाय नका देऊ म्हणलं तं चाकं देऊन राह्यले!” पण ओरडण्यात राग कमी होता. त्यांच्या खारोड्यांचे एवढे फोटो आजवर कुणी काढले नव्हते.

निघायच्या आधी आगटे सरांनी तिथंच, बादलीवर बसून, ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं: “दुरुस्ती. हा खारोडीचा घाटा आहे. काना बरोबर होता, काढणारा चुकला. हा खायचा पदार्थ आहे, मी आत्ताच खाल्ला. माझे वडील इथून कधीही गेले नव्हते. इंजिन एकच आहे. धूर अस्सल आहे.” पाठवायचं बटण दाबताना त्यांनी डोळे मिटले होते.

राजकुमार फोनवर डोळे लावून बसला. आधी नाशिकचे दोघे हसले. मग नागपूरचा एक म्हणाला, त्याचा बोगदा म्हणजे फुटलेला माठ आहे, हे आता सांगायला हरकत नसावी. एकाच्या तळ्यात केसांचं तेल निघालं. एकाची झाडं म्हणजे वाळलेला ओवा. दुपारपर्यंत अर्ध्या ग्रुपनं आपापली झाकणं उघडली आणि कुणालाही काढावं लागलं नाही. काढलं असतं तर उरलं कोण असतं?

आता पुढच्या वर्षाचं कॅलेंडर येईल तेव्हा मेचं पान खारोडीच्या घाट्याचंच असेल, कान्यासकट. देखावा स्वतःच्या हाताचा हवा हा नियम आगटे सरांनी मोडला नाही. खालच्या ओळीत ‘छायाचित्र: राजकुमार ढोले’ आणि ‘देखावा: सुभद्राबाई ढोले’.

तेव्हा घाटा कुणाला किती पडला, ते पाहू. राजकुमारनं अर्धी ओळ आईला दिली. त्याचं त्याला दुःख नाही, झोप परत आली. आगटे सरांनी एक वाघ दिला आणि वडिलांचा एक प्रवास रद्द केला. प्रसेनजितनं काही न देता वर्षभर हसून घेतलं. सगळ्यांत फायद्यात तो. जयमालाला खाकी चादर दोनदा धुवावी लागली आणि ती तरीही विकण्याजोगी झाली नाही. सुभद्राबाईंनी सगळ्यांना पुड्या बांधून दिल्या त्या मागच्या उन्हाळ्याच्या खारोड्यांच्या, डब्यातल्या, खडखडीत वाळलेल्या. ज्या ओळींवरून इंजिन गेलं, त्यांना मशीनच्या तेलाचा वास लागला होता. त्या सुभद्राबाईंनी टाकल्या नाहीत. अन्न टाकायचं कसं? वेगळ्या वाळवल्या, वेगळ्या डब्यात भरल्या, आणि रोज जेवताना त्यातल्या चार-पाच राजकुमारच्या ताटात पडतात. तो मुकाट्यानं खातो. डबा अजून निम्मा भरलेला आहे.